परतीची वाट : बंदिस्त पंथांविषयीच्या पुस्तकाची प्रस्तावना

२० मार्च १९९५ रोजी सकाळी तोक्योच्या भुयारी रेल्वेत, चियोदा मार्गावरच्या गाडीत, एका प्रवाशाने वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या पायाशी टाकल्या. छत्रीचं अणकुचीदार टोक त्यांत खुपसलं आणि तो पुढच्या स्टेशनवर उतरून निघून गेला. पिशव्यांत सारिन होतं, श्वास बंद पाडणारं विष. त्याच सुमारास आणखी चार गाड्यांत त्याचे चार साथीदार हेच करत होते. डझनाहून अधिक माणसं मेली, हजारोंना दवाखाने गाठावे लागले, कित्येकांची दृष्टी आणि स्मरणशक्ती कायमची अधू झाली. चियोदा मार्गावरचा तो प्रवासी म्हणजे इकुओ हायाशी, केइओसारख्या नामांकित विद्यापीठात शिकलेला हृदयशस्त्रक्रियेचा डॉक्टर. माणसं वाचवणं हे त्याचं अनेक वर्षांचं काम होतं. १९९०मध्ये तो रुग्णालयातली नोकरी सोडून ‘ओम शिनरिक्यो’ या पंथात गेला. अवघ्या पाच वर्षांनी तो विष घेऊन गाडीत बसला.

अशी बातमी वाचली की आपण एकच वाक्य बोलतो : शिकले-सवरलेले लोक इतके वेडे कसे होतात? या वाक्यात आपण स्वतःसाठी एक दिलासा राखून ठेवलेला असतो. ते वेडे होते, आपण नाही, म्हणजे आपल्या घरात हे घडणार नाही. हे पुस्तक मी त्या दिलाशाविरुद्ध लिहिलं आहे. बंदिस्त पंथांत गेलेल्या माणसांची चरित्रं, जबान्या आणि पत्रं वाचताना मला मूर्ख माणसं फार थोडी भेटली. भेटली ती एकाकी माणसं, दुःखातून नुकतीच उठलेली माणसं, आणि सर्वांत जास्त भेटली ती जगासाठी काहीतरी चांगलं करू पाहणारी माणसं. ती आत गेली ती बहुधा आपल्या अंगच्या चांगुलपणामुळे. आत राहिली, कारण परतीची वाट त्यांच्या नकळत एकेक पाऊल मिटवली गेली. या पुस्तकाचं म्हणणं इतकंच आहे. पुढची सगळी प्रकरणं त्याचे पुरावे आहेत.

त्यासाठी मी तीन पंथ निवडले आहेत. पहिला जिम जोन्सचा ‘पीपल्स टेम्पल’, ज्याचा शेवट १८ नोव्हेंबर १९७८ रोजी दक्षिण अमेरिकेतल्या गयानाच्या जंगलात झाला. दुसरा रजनीशांचा अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातला ‘रजनीशपुरम’चा प्रयोग, १९८१ ते १९८५ या काळातला. तिसरा शोको असाहाराचा ‘ओम शिनरिक्यो’. तिघांत वरवर काहीही साम्य नाही. जोन्सकडे आलेले बहुसंख्य लोक कृष्णवर्णीय होते, त्यांत वृद्ध आणि गरीब पुष्कळ, आणि त्यांना हवी होती वंशभेद नसलेली वस्ती. रजनीशांकडे आले ते पाश्चात्त्य मध्यमवर्गातले पदवीधर, मानसोपचारतज्ज्ञ, वकील, कलावंत. त्यांना हवी होती मनाची मोकळीक. असाहाराकडे गेली ती सुबत्ता आलेल्या जपानमधली तरुण मुलं, त्यांत विज्ञानाचे हुशार विद्यार्थी. त्यांना पगाराच्या पलीकडचा अर्थ हवा होता. एकाची भाषा ख्रिस्ती समाजवादाची, दुसऱ्याची ध्यान आणि उत्सवाची, तिसऱ्याची योग आणि बौद्ध मतांची. तरीही माणूस आत ओढण्याची आणि धरून ठेवण्याची रीत तिन्हीकडे जवळजवळ सारखी दिसते. म्हणून या आजाराचं मूळ कुठल्या एका तत्त्वज्ञानात शोधण्यात अर्थ नाही. तिघांविषयीही न्यायालयीन कागदपत्रं, चौकशी अहवाल, ध्वनिफिती आणि बाहेर पडलेल्यांची आत्मकथनं भरपूर उपलब्ध आहेत, हेही निवडीचं एक कारण.

इथे एक गोष्ट आधीच स्पष्ट करायला हवी. महाराष्ट्रात पंथ आणि संप्रदाय हे आदराचे शब्द आहेत, आणि ते तसेच राहावेत. वारकरी माळ घालतो, एकादशी धरतो, आषाढीला पंढरपूरला चालत जातो आणि पुन्हा आपल्या शेतात, आपल्या घरी येतो. त्याचा प्रपंच सुटत नाही. संतांचे अभंग सर्वांसाठी खुले आहेत, त्यांचा अर्थ लावण्याचा मक्ता कुणा एकाकडे नाही, आणि एखाद्या वर्षी वारी चुकली म्हणून कुणी त्याला वाळीत टाकत नाही. श्रद्धा किती खोल आहे यावरून पंथ बंदिस्त ठरत नाही. मी चार प्रश्न विचारतो. नेत्याच्या चुकीबद्दल उघडपणे बोलता येतं का? पैशाचा हिशेब मागता येतो का? बाहेरच्या आप्तांशी नातं आणि बोलणं चालू ठेवता येतं का? आणि सर्वांत महत्त्वाचं, अपमान, धमकी किंवा सर्वस्व गमावण्याची भीती न बाळगता सोडून जाता येतं का? चारही उत्तरं नकारार्थी असतील, तर तिथे देवाचं नाव असो, क्रांतीचं असो की आत्मविकासाचं, माणसाने सावध व्हावं.

आता माणसं आत जातात कशी याकडे वळू. १९६०च्या दशकाच्या आरंभी जॉन लॉफलंड आणि रॉडनी स्टार्क या दोन अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी सन म्युंग मून यांच्या युनिफिकेशन चर्चचा कॅलिफोर्नियातला अगदी छोटा गट जवळून पाहिला. मत पटलं म्हणून लोक सामील होतात, ही सर्वसाधारण समजूत. त्यांना दिसलं ते वेगळं. आतल्या माणसांशी जिव्हाळा जुळला आणि बाहेरची नाती सैल झालेली असली, म्हणजे माणूस सामील होतो. मत त्यानंतर पटत जातं. पुढे हा पंथ वाढला तेव्हा त्याने हेच तंत्र म्हणून वापरलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात तरुणांना आधी जेवायला बोलावत, मग शहराबाहेर शिबिराला नेत. तिथे गाणी, खेळ, सतत सोबतीला कुणीतरी, प्रत्येक शब्दाला दाद. यामागे मून यांचा पंथ आहे हे सुरुवातीला सांगितलंच जात नसे. घर सोडून नव्या शहरात आलेल्या विशीतल्या मुलाला तीन दिवस कुणी एकटं सोडत नाही, कुणी त्याच्यावर हसत नाही, हे केवढं मोठं सुख असेल! ते सुख खोटं नव्हतं. ज्यांनी ते दिलं, त्यांतली बहुतेक माणसंही मनापासून देत होती, कारण वर्षभरापूर्वी त्यांना ते तसंच मिळालं होतं.

पीपल्स टेम्पलचा आरंभ १९५०च्या दशकात इंडियानापोलिसमध्ये झाला. त्या काळात गोरे आणि काळे एका बाकावर बसून प्रार्थना करतात हेच तिथे धाडस होतं. जोन्सने मोफत जेवण चालवलं, वृद्धांसाठी घरं चालवली, वेगवेगळ्या वंशांची मुलं दत्तक घेतली. १९६५मध्ये मंडळी कॅलिफोर्नियात गेली. तिथे व्यसनी तरुणांना सावरणं, कोर्टकचेरीत अडकलेल्यांना वकील मिळवून देणं, एकाकी म्हाताऱ्यांची देखभाल ही कामं चालली. सॅन फ्रान्सिस्कोच्या महापौरांनी जोन्सला शहराच्या गृहनिर्माण मंडळावर नेमलं. दक्षिणेतल्या राज्यांत आयुष्यभर हेटाळणी सोसून आलेल्या एखाद्या बाईला इथे पहिल्यांदा कुणी सन्मानाने हाक मारली असेल, तर ती तिथे गेली यात वेडेपणा कसला? तिच्या जागी मी असतो, तर मीही गेलो असतो.

विपरीत घडत होतं ते याच चांगल्या कामाच्या आडून. आजार बरे करण्याचे चमत्कार रचलेले असत. रोग्याच्या शरीरातून काढलेली गाठ म्हणून कोंबडीची आतडी दाखवली जात. पगार मंडळात जमा करायचा, मग घराची कागदपत्रं द्यायची, मग कोऱ्या कागदावर सही करायची. मग सभेत सर्वांसमोर उभं राहून आपल्या चुका कबूल करायच्या, त्यावरून बोलणी खायची, कधी मारही खायचा. यांतली कुठलीच मागणी पहिल्या दिवशी झाली नाही. तशी झाली असती, तर सभागृह रिकामं झालं असतं. प्रत्येक मागणी आधीच्या मागणीपेक्षा थोडीच मोठी होती, आणि आधीची मान्य केलेली असल्यामुळे ही नाकारायला कारण उरत नव्हतं. माणूस जितकं देत जातो, तितकं आपण दिलं ते व्यर्थ होतं हे मान्य करणं त्याला जड जातं. दहा वर्षांची कमाई, तुटलेला संसार, दुरावलेली आई, या सगळ्याची किंमत मोजल्यावर ‘मी फसलो’ हे दोन शब्द उच्चारायला जी ताकद लागते, ती आपल्यातल्या किती जणांकडे असेल?

माणसाला धरून कसं ठेवलं जातं, याचा सर्वांत नेमका अभ्यास मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट लिफ्टन यांनी केला. १९५०च्या दशकात चीनमधल्या विचारशुद्धीच्या छावण्यांतून बाहेर आलेल्या लोकांशी ते हाँगकाँगमध्ये बोलले. त्यावरचं त्यांचं पुस्तक १९६१मध्ये आलं. पुढे सुमारे चार दशकांनी त्यांनी ओम शिनरिक्योतून बाहेर पडलेल्यांच्या मुलाखती घेतल्या आणि त्यावरही लिहिलं. त्यांनी सांगितलेल्या खुणा आपल्यालाही ओळखता येतील अशा आहेत. बाहेरून येणारी माहिती आणि माणसं रोखली जातात. जग शुद्ध आणि अशुद्ध अशा दोन ढिगांत वाटलं जातं. कबुलीजबाब रोजचा होतो आणि कबूल केलेलं पुढे शस्त्रासारखं वापरलं जातं. पंथाचं मत हेच अंतिम शास्त्र ठरतं. ठरावीक शब्द हाती दिले जातात; ते उच्चारले की विचार थांबतो. शंका आली की ‘हा तुझा अहंकार बोलतोय’ हे उत्तर तयार असतं. स्वतःचा अनुभव आणि शिकवण यांत विसंगती दिसली, तर अनुभव खोटा मानायचा. आणि जे बाहेर आहेत, त्यांच्या जगण्याला फारशी किंमत नाही, अशी भावना हळूहळू रुजते. या शेवटच्या पायरीवरच हायाशीसारखा डॉक्टर अनोळखी प्रवाशांच्या पायाशी विष ठेवू शकतो.

या सगळ्याला शरीराची साथ लागते. ओममध्ये संन्यास घेतलेल्यांनी सारी मालमत्ता पंथाला दिलेली असे. ते फुजी पर्वताच्या पायथ्याच्या इमारतींत कमी झोपत, तुटपुंजं खात आणि तासन्‌तास एकच पाठ करत. गुरूच्या मेंदूतल्या लहरी शिष्याच्या मेंदूत उतरवण्यासाठी म्हणून तारा लावलेली टोपी डोक्यावर घालत, आणि अनुयायांकडून तिचेही पैसे घेतले जात. पीपल्स टेम्पलच्या गयानातल्या जोन्सटाऊन या वस्तीत दिवसभर शेतात राबायचं आणि ध्वनिक्षेपकावरून जोन्सचा आवाज ऐकत राहायचं. पासपोर्ट काढून घेतलेले, पत्रं तपासली जात. रात्री-अपरात्री सगळ्यांना उठवून सामूहिक मरणाची तालीम घेतली जाई. हातात दिलेलं पेय विषारी आहे असं सांगून ते प्यायला लावलं जाई. थकलेलं, झोप न झालेलं मन प्रश्न विचारत नाही, एवढं तर रात्रपाळी करणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं.

रजनीशपुरमचा अनुभव मराठी वाचकाला अधिक जवळचा वाटेल. १९७४मध्ये पुण्याच्या कोरेगाव पार्कात सुरू झालेल्या आश्रमातून घडलेली कित्येक माणसं तिकडे गेली होती. सुमारे ६४,००० एकरांच्या ओसाड माळरानावर त्यांनी स्वतःच्या हातांनी शहर उभारलं : रस्ते, धरण, शेती, विमानतळ. त्या श्रमांत त्यांना जो आनंद मिळाला, तो अनेकांनी पुढे पंथ सोडल्यावरही नाकारलेला नाही, आणि मला तो महत्त्वाचा पुरावा वाटतो. पण रजनीश मौनात होते, कारभार मा आनंद शीला आणि तिच्या मोजक्या साथीदारांच्या हाती होता, आणि शेजारच्या लोकांशी भांडण वाढत गेलं. १९८४मध्ये वास्को परगण्याची निवडणूक जिंकण्यासाठी अमेरिकाभरातून बेघर माणसं बस भरभरून आणली गेली. त्याच वर्षी स्थानिक मतदारांना आजारी पाडून मतदानापासून दूर ठेवता येतं का, हे अजमावण्यासाठी द डॅल्स या गावातल्या दहा उपाहारगृहांच्या सॅलडमध्ये साल्मोनेलाचे जिवाणू मिसळले गेले. ७५१ माणसं आजारी पडली. आश्रमातल्या खोल्यांत चोरून संभाषणं ऐकण्याची यंत्रं बसवलेली होती. शीलाला या गुन्ह्यांसाठी तुरुंगवास झाला. रजनीशांवर विषबाधेचा आरोप सिद्ध झाला नाही. स्थलांतरविषयक गुन्ह्यांत शिक्षा स्वीकारून त्यांनी देश सोडला आणि पुढे ते पुण्यात परतले. मला इथे गुन्हेगारांपेक्षा बाकीच्या हजारोंविषयी बोलायचं आहे. ते ध्यान करत होते, भाज्या पिकवत होते. आपल्या शहरात काय शिजतंय हे त्यांना माहीत नव्हतं, आणि विचारायची सवय त्यांनी कधीच सोडून दिली होती. मुक्तीसाठी आलेल्या माणसांनी प्रश्न विचारण्याची मुक्ती परत केली होती.

पंथात स्वतःहून न गेलेल्यांचं नुकसान सर्वांत मोठं असतं. ती असतात मुलं. जोन्सटाऊनमध्ये मेलेल्या ९०९ जणांपैकी जवळजवळ एकतृतीयांश अठरा वर्षांखालचे होते, आणि विष आधी त्यांना दिलं गेलं. म्हणून त्या घटनेला ‘सामूहिक आत्महत्या’ म्हणणं मला मान्य नाही. या पुस्तकात तो शब्दप्रयोग केलेला नाही. रजनीशांच्या आश्रमांत वाढलेल्या काहींनी मोठेपणी आपल्यावर झालेल्या लैंगिक अत्याचारांविषयी जाहीरपणे सांगितलं आहे. ओमच्या इमारतींतून पोलिसांनी पन्नासहून अधिक मुलं बाहेर काढली. पैशाचं नुकसानही असंच खालच्या पिढीवर येतं. ८ जुलै २०२२ रोजी जपानचे माजी पंतप्रधान शिंझो आबे यांच्यावर गोळ्या झाडणाऱ्या माणसाच्या आईने युनिफिकेशन चर्चला सुमारे दहा कोटी येन दिले होते आणि घर दिवाळखोरीत गेलं होतं. हत्येचं समर्थन कुठल्याही कारणाने होऊ शकत नाही. पण त्या हत्येनंतर जपानला जी हजारो उद्ध्वस्त घरं दिसली, ती त्याआधीही तिथेच होती. त्या घरांतली मुलं आणि त्यांची बाजू मांडणारे वकील अनेक वर्षं ओरडून सांगत होते.

या तिन्ही पंथांचा अभ्यास करताना एका गोष्टीने मला सर्वांत जास्त अस्वस्थ केलं. नातेवाइकांना धोका सगळ्यांच्या आधी दिसला होता, आणि त्यांचं ऐकलं गेलं सगळ्यांत शेवटी. पीपल्स टेम्पलमधल्या लोकांच्या नातलगांनी संघटना काढली, अर्ज केले, वर्तमानपत्रांकडे गेले. जोन्सटाऊनमधून निसटलेल्या डेबोरा लेटन यांनी १९७८च्या जूनमध्ये प्रतिज्ञापत्र दिलं आणि मरणाच्या तालमींविषयी त्यात लिहिलं. त्यांचं ऐकून अमेरिकी काँग्रेसचे सदस्य लिओ रायन नोव्हेंबरमध्ये स्वतः तिथे गेले. परत निघताना विमानतळावर त्यांचा खून झाला, आणि त्याच संध्याकाळी बाकीचं सगळं घडलं. जपानमध्ये मुलं हरवलेल्या पालकांच्या वतीने त्सुत्सुमी साकामोतो हा तरुण वकील ओमशी लढत होता. १९८९च्या नोव्हेंबरमध्ये तो, त्याची पत्नी आणि वर्षाचं बाळ घरातून नाहीसे झाले. घरात पंथाचा बिल्ला सापडूनही तपास पुढे सरकला नाही. त्यांचे मृतदेह मिळाले १९९५मध्ये, भुयारी रेल्वेतल्या हल्ल्यानंतर. १९८९मध्येच त्या पालकांना गंभीरपणे घेतलं असतं, तर तोक्योतली माणसं वाचली असती. मला यावर शंका वाटत नाही.

आपल्याकडेही घरच्या माणसांना ‘तुमच्या घरातला प्रश्न आहे, तुम्हीच मिटवा’ असं सांगून परत पाठवण्याची रीत आहे. श्रद्धेच्या नावाखाली होणाऱ्या शोषणाबाबत मात्र महाराष्ट्राने एक मोठं पाऊल टाकलं, आणि त्याची किंमत फार जबर पडली. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली आणि जादूटोणाविरोधी कायद्यासाठी आयुष्याची अनेक वर्षं दिली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. काही दिवसांतच अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षाअखेर कायदा झाला. दैवी शक्तीचा दावा करून फसवणं, तिच्या नावाखाली लैंगिक शोषण करणं, साप-विंचू चावलेल्या माणसाला औषधोपचारापासून रोखणं अशा कृत्यांना त्यात सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. वारी, कीर्तन, हरिपाठ, तीर्थयात्रा यांना कायद्याने स्पष्ट संरक्षण दिलं आहे. श्रद्धेला हात न लावता शोषणाला हात घालायचा, ही दाभोलकरांची भूमिका या पुस्तकाचीही भूमिका आहे.

मात्र कायदा कृत्य घडल्यावर येतो. सज्ञान माणसाने स्वखुशीने घर विकून पैसे दिले, आईवडिलांशी बोलणं सोडलं, तर पोलीस काय करणार? जपानने २०२२च्या डिसेंबरमध्ये दबावाखाली देणग्या उकळण्याविरुद्ध कायदा केला आणि २०२५च्या मार्चमध्ये तोक्योच्या न्यायालयाने युनिफिकेशन चर्चच्या विसर्जनाचा आदेश दिला. हे मार्ग अभ्यासण्यासारखे आहेत. भाविकांच्या संस्थांचे हिशेब उघडे असावेत, आश्रमात राहणाऱ्या मुलांची सरकारी नोंद आणि पाहणी व्हावी, बेपत्ता झालेल्या सज्ञान माणसाविषयी घरच्यांची तक्रार नीट नोंदवून घेतली जावी, या मागण्या कुठल्याही धर्माविरुद्ध नाहीत. शेवटच्या प्रकरणात मी त्या तपशिलाने मांडल्या आहेत.

पण कायद्यापेक्षाही जवळचं एक काम आपल्या हातात आहे. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ आयलीन बार्कर यांनी युनिफिकेशन चर्चच्या शिबिरांना गेलेल्या लोकांचा मागोवा घेतला आणि १९८४मध्ये त्यावर पुस्तक प्रसिद्ध केलं. त्यांना आढळलं की शिबिराला गेलेल्यांपैकी बहुसंख्य सामील झालेच नाहीत, आणि जे झाले त्यांतलेही बरेचसे काही वर्षांत आपणहून बाहेर पडले. मेंदू धुतला की संपलं, माणूस कायमचा गेला, हे खरं नाही. माणूस परत येतो. फक्त येण्यासाठी त्याला जागा लागते. आपण मात्र नेमकी तीच जागा मोडत असतो. मुलगा गुरूच्या नादी लागला की घरात आरडाओरडा होतो, त्याची खिल्ली उडवली जाते, ‘पुन्हा तोंड दाखवू नकोस’ असं बजावलं जातं. बाहेरचे लोक तुझे वैरी आहेत, असं पंथ त्याला सांगत असतो; आपण ते खरं करून दाखवतो. त्यापेक्षा त्याचं ऐकावं. तिथे त्याला काय मिळालं ते विचारावं, कारण काहीतरी मिळालेलंच असतं. गुरूवर वाद न घालता हिशेबाविषयी, झोपेविषयी, सुटीविषयी साधे प्रश्न विचारावेत. पैसे देऊ नयेत, पण फोन उचलावा. सणाला बोलवावं. तो आला नाही, तरी पुढच्या सणाला पुन्हा बोलवावं. वर्षानुवर्षं हे करत राहणं फार कठीण आहे. ज्या आयांनी ते केलं, त्यांच्याविषयी मला अपार आदर आहे.

बाहेर पडलेल्या माणसाशी वागतानाही हेच भान हवं. त्याच्याजवळ नोकरी नसते, बचत नसते, मित्र सगळे आत राहिलेले असतात. दहा वर्षांचा हिशेब तो स्वतःलाही देऊ शकत नाही. अशा वेळी ‘आम्ही तुला सांगितलं नव्हतं का?’ हा प्रश्न विचारण्याचा मोह आवरायला हवा. त्याला हवा असतो डॉक्टर, वकील, राहायला खोली, आणि त्याच्या आयुष्याची ती वर्षं शरमेची न मानणारं एखादं माणूस.

या पुस्तकाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. भारतातल्या हयात गुरूंच्या संस्थांवर इथे प्रकरणं नाहीत. न्यायालयात सिद्ध न झालेल्या आरोपांवर पुस्तक उभं करायचं नाही, असं मी ठरवलं होतं. पण आसारामला २०१८मध्ये आणि गुरमीत राम रहीमला २०१७मध्ये बलात्काराच्या गुन्ह्यांत शिक्षा झाल्या, हे वाचक जाणतातच. तोक्यो आणि गयानाच्या गोष्टी दूरच्या आहेत असं वाटलं, तर वाचकाने वर दिलेले चार प्रश्न घेऊन आपल्या ओळखीच्या सत्संगाकडे, आत्मविकासाच्या शिबिराकडे, झटपट श्रीमंतीचा मंत्र देणाऱ्या व्हॉट्सअॅप गटाकडे पाहावं. पुष्कळ ठिकाणी समाधानकारक उत्तरं मिळतील, आणि मिळाली तर आनंदच आहे. चांगल्या संस्थेला या प्रश्नांचा त्रास होत नाही.

हे पुस्तक तीन प्रकारच्या वाचकांच्या हाती पडेल असं धरून मी लिहिलं आहे. कुणी केवळ कुतूहलाने वाचेल. त्याला एवढंच सांगतो की हसण्यासाठी वाचू नका. कुणाचं जवळचं माणूस आत गेलेलं असेल. त्याने शेवटच्या दोन प्रकरणांपासून सुरुवात करावी, कारण त्याला इतिहासापेक्षा मदतीची निकड आहे. आणि एखादा वाचक स्वतःच अशा गटात असेल, कदाचित लपवून वाचत असेल. त्याला मला सांगायचं आहे : तुम्ही ज्या चांगल्या गोष्टीसाठी तिथे गेलात ती चांगलीच आहे, तिचा त्याग करायची गरज नाही. सेवा बाहेरही करता येते, ध्यान बाहेरही करता येतं, आणि तुमच्यावर माया करणारी माणसं बाहेर अजून आहेत. शंका येणं हे पाप नाही. तुमच्या मनात आलेला प्रश्न तुमचा स्वतःचा आहे. तो कुणाच्याही स्वाधीन करू नका, आणि उद्या सकाळी तो विश्वासातल्या एका माणसाला मोठ्याने विचारा.